तीनशे बारा उलटे बाण

रेघोबाचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या त्या प्रकाशनसंस्थेत दारवानापासून व्यवस्थापकांपर्यंत सगळे त्याला रेघोबाच म्हणत, कारण त्यानं पट्टी न लावता ओढलेली रेघ नंतर पट्टी लावून तपासली तरी सरळच निघायची. सव्वीस वर्षं तो आकृत्या काढत होता. बेडकाचं जठर, ज्वालामुखीचा उभा छेद, हातपंप, चंद्राच्या कला, दाढेची मुळं, सगळं त्याच्या पेनातून उतरलेलं. आणि या सव्वीस वर्षांत त्यानं त्यातल्या एकाही पुस्तकातली एकही ओळ वाचलेली नव्हती. याची त्याला लाज नव्हती, उलट अभिमान होता.

“शिंपी काय प्रत्येक सदरा स्वतःच्या अंगात घालून बघतो?” तो म्हणायचा. “माप द्या, कापड द्या, बाजूला व्हा.”

अशा या माणसाच्या टेबलावर एक दिवस बाईंचं हस्तलिखित येऊन पडलं. बाई म्हणजे कॉलेजात पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका. शहरातले निम्मे केमिस्ट त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि उरलेले निम्मे त्यांच्या भीतीनं दुसऱ्या विषयाकडे वळलेले. पुस्तक होतं सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया नेमक्या कशा घडतात यावर. सोबत शहाण्णव आकृत्या, बाईंनी स्वतः पेन्सिलीनं काढलेल्या. अक्षर मोत्यासारखं, पण आकृत्या म्हणजे ओल्या सिमेंटवरून कोंबडी पळत गेल्यासारख्या.

रेघोबानं चष्मा पुसला आणि कामाला लागला. षट्कोन, नागमोडी रेघा, मधूनच एखादं अक्षर, अक्षराच्या डोक्यावर अधिक नाहीतर उणे, शेजारी दोन-दोन ठिपके. आणि या सगळ्यांतून इकडून तिकडे जाणारे वाकडे बाण. षट्कोन त्याला आवडले. बाण मात्र डोळ्यांत खुपायला लागले.

झालं होतं असं, की आदल्याच वर्षी त्यानं भौतिकशास्त्राच्या पुस्तकासाठी विजेची सर्किटं काढली होती. तिथं बाण धनाकडून निघायचा आणि ऋणाकडे जायचा. एक नाही, दोन नाही, शंभर वेळा त्यानं तो तसा काढला होता. आणि इथं बाईंचा प्रत्येक बाण ऋणाकडून निघून धनाच्या दिशेनं चाललेला!

“वय झालं की होतं असं,” रेघोबा मनाशी म्हणाला. तरी एकदा खात्री करावी म्हणून त्यानं सव्वीस वर्षांचं व्रत मोडलं आणि पहिल्या आकृतीखालची एक ओळ वाचली. ओळ होती : ‘आम्ल आपला प्रोटॉन आम्लारीला देते.’ आणि वरच्या आकृतीत बाण? आम्लारीकडून आम्लाकडे! देणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि बाण घेणाऱ्याच्या दारातून निघालेला. रेघोबाला बाईंची कीव आली. एवढी विद्वान बाई, पण बाणांचं काही खरं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर फोन करून विचारलं असतं. पण मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवू नये, गुपचूप सावरून घ्यावी, असं रेघोबाचं वळण. त्यानं पहिल्या आकृतीतला बाण उलटा केला. मग दुसऱ्या आकृतीतला. तिसरीशी पोचेपर्यंत त्याला पटलं होतं की एका पुस्तकात दोन रीती शोभत नाहीत. सहा आठवड्यांत त्यानं शहाण्णव आकृत्यांमधले तीनशे बारा बाण उलटे केले. एकेकाचं शेपूट कुठं टेकावं, टोक कुठं थांबावं हे बाईंच्या कागदावरून तंतोतंत उचललं, फक्त डोकं या टोकाचं त्या टोकाला. असे देखणे बाण त्या कचेरीत कुणी पाहिले नव्हते.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसायची. चिठ्ठीवर शंका आली तर डॉक्टरला फोन लावल्याशिवाय गोळी हलवायची नाही, अशी बाई.

“विचारलंत का त्यांना?” तिनं विचारलं.

“त्यांना कशाला अवघडल्यासारखं करायचं?”

“म्हणजे नाही विचारलंत.”

“अगं, त्या मनातल्या मनात आभार मानतील बघ.”

बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर असल्या बघण्याचे अर्थ लावायचे नसतात, हे रेघोबाला ठाऊक होतं.

छापायच्या आधीची कच्ची प्रत बाईंकडे गेली सोमवारी. मंगळवारी सकाळी सव्वादहाला बाई कचेरीत हजर. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, काखेत ती जाडजूड प्रत, आणि जिना चढून आल्यावरही धाप नाही.

“या आकृत्या कोणी काढल्या?”

रेघोबा आभार स्वीकारायला उठून उभा राहिला. चेहऱ्यावर नम्रपणा आणायला त्याला थोडा वेळ लागला, तेवढ्यात बाईंनी प्रत त्याच्या टेबलावर आपटली. शाईची बाटली उडून पुन्हा जागेवर बसली.

“तुम्ही माझ्या एकूण एक न्यूक्लिओफाइलला भिकेला लावलंत!”

न्यूक्लिओफाइल म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण रेघोबानं त्यांचं फार वाईट केलं एवढं सगळ्यांना कळलं. आवाज ऐकून व्यवस्थापक केबिनमधून बाहेर आले. पाठोपाठ मुद्रितशोधक आला. त्याला सगळे अनुस्वार म्हणत, कारण गेल्या वर्षी एका टिंबासाठी त्यानं छपाई दोन दिवस थांबवली होती.

“तू पण ही प्रत वाचली होतीस ना?” व्यवस्थापकांनी त्याला विचारलं.

“शब्द न् शब्द,” अनुस्वार म्हणाला. “पण माझ्याकडे मजकूर असतो. आकृतीतलं टिंब माझ्या कक्षेत येत नाही.”

रेघोबानं धीर करून तोंड उघडलं. त्यानं विजेच्या सर्किटांचं सांगितलं. आम्ल प्रोटॉन देतं, मग बाण तिकडून इकडे नको का, तेही सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की बाईंच्या चेहऱ्यावरचा राग कमी होतोय आणि त्या जागी काहीतरी वेगळंच येतंय. परीक्षेचे पेपर तपासताना मास्तर लोकांच्या चेहऱ्यावर येतं तसं.

“म्हणजे तुम्ही विचार करून चुकलात,” बाई म्हणाल्या.

“हो,” रेघोबा म्हणाला, आणि मग घाईनं, “म्हणजे, नाही.”

“पस्तीस वर्षं माझी पोरं हीच चूक करत आली. पण त्यांच्यातल्या एकानंही एवढी नेटकी केली नव्हती.”

व्यवस्थापकांना पुस्तक सत्र सुरू व्हायच्या आत बाजारात हवं होतं. ते म्हणाले, “बाई, काही अवघड नाही. या बाणांची डोकी खोडायची आणि पलीकडच्या टोकाला लावायची. आठवड्याचं काम.”

“डोकं बदलायचंच आहे,” बाई म्हणाल्या, “पण बाणांचं नंतर. आधी यांचं.”

आणि ठरलं असं की रोज सकाळी दहा ते बारा बाई कचेरीत येणार, रेघोबाला शिकवणार, आणि त्याला कळलेला बाणच तो दुरुस्त करणार. व्यवस्थापकांनी आपल्याकडून खबरदारी घेतली. त्यांनी एक कागद टाइप करून आणला : ‘लेखिकेच्या आकृतीतील एकही रेघ, ठिपका अथवा बाण मी यापुढे बदलणार नाही.’ रेघोबानं सही केली. अनुस्वारानं ‘अथवा’च्या जागी ‘किंवा’ करावं असं सुचवलं, पण त्याला कुणी दाद दिली नाही.

शिकवणी कागदांच्या कोठारात सुरू झाली, कारण तिथंच एक मोठं टेबल रिकामं होतं. तीन बाजूंना छतापर्यंत कोऱ्या कागदांची रिमं, चौथ्या बाजूला खिडकी, आणि मधे त्रेपन्न वर्षांचा विद्यार्थी पेन्सिलीला टोक करत बसलेला.

“बाण काय सांगतो?” बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

“कोण कुठं चाललंय ते.”

“चूक. बाण सांगतो इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठं गेली. दुसरं काहीही नाही. अणू कुठं गेला, प्रोटॉन कुठं गेला, याच्याशी बाणाला कर्तव्य नाही. हे दोन ठिपके दिसतात? ही जोडी. ज्याच्याकडे द्यायला जोडी आहे तो न्यूक्लिओफाइल. ज्याला जोडी कमी पडतेय तो इलेक्ट्रोफाइल. जोडी आहे त्याच्याकडून बाण निघतो, नाही त्याच्याकडे जातो.”

“पण प्रोटॉन तर आम्लाकडून जातो!”

“जातो ना. पण त्याला धरायला आम्लारीची जोडी आधी त्याच्यापर्यंत येते. आपण त्या येणाऱ्या जोडीचा बाण काढतो. आणि प्रोटॉनला आम्लाशी बांधून ठेवणारी जोडी असते, ती आम्लाकडेच मागे राहते. तिचा दुसरा बाण. झाले दोन.”

रेघोबानं त्या दोन्ही बाणांवरून पेन्सिल फिरवून पाहिली. “आणि ते वीजवाले?”

“ते त्यांच्या घरी काय करतात ते मला विचारू नका.”

हळूहळू कचेरीतली माणसं काही ना काही निमित्तानं कोठारात डोकवायला लागली. व्यवस्थापक एका रिमाची चौकशी करायला आले आणि दाराशी रेंगाळले. “आलं लक्षात,” ते म्हणाले, “म्हणजे हा दुकानदार आणि हे गिऱ्हाईक.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

अनुस्वार म्हणाला, “मला वाटतं, हे सासर-माहेरासारखं आहे. जोडी माहेरून निघते...”

“इथं कुणाचं लग्न नाही!” बाई कडाडल्या. “कुणी दुकानदार नाही, कुणी सासू नाही. पस्तीस वर्षं पोरांच्या पेपरांत मी सासवा खोडत आले. उपमा देऊ नका. इलेक्ट्रॉन मोजा.”

दोघंही निघून गेले. मोजण्याचं मात्र रेघोबाच्या अंगात भिनलं. उपमा कधीच त्याचं काम नव्हतं. रेघा मोजणं हे होतं. कार्बनला चार बंध, चाराच्या वर एकही नाही, हे बाईंनी सांगितल्यावर तो प्रत्येक कार्बनभोवतीच्या रेघा बोटानं मोजायला लागला. चौथ्या दिवशी मात्र तो अडला.

“हा नागमोडीचा कोपरा. इथं कुणीच नाही.”

“इथं कार्बन आहे.”

“लिहिलेला नाही.”

“कोपरा दिसला की कार्बन समजायचा.”

“बरं. पण त्याला रेघा दोनच आहेत. चार कुठं?”

“दोन हायड्रोजन आहेत.”

“तेही लिहिलेले नाहीत?”

“नाहीत.”

“का?”

“सगळ्यांना माहीत असतात म्हणून.”

रेघोबानं पेन्सिल खाली ठेवली. “बाई, सव्वीस वर्षं मी बेडकाचे नुसते दिसणारे अवयव काढले. इथं न लिहिलेल्या कोपऱ्यावर न लिहिलेले हायड्रोजन बसलेत आणि त्यांची मोजदाद चुकली तर मार मला!”

बाई हसल्या. कचेरीत त्या हसल्याची ती पहिलीच वेळ.

नवव्या दिवशी बाई म्हणाल्या की आता त्यांचं काम संपलं, उरलेले बाण त्यानं एकट्यानं करावेत. रेघोबा करत सुटला. बाण दुरुस्त करायचा, मग त्या बाणाप्रमाणे जोडी खरंच हलली तर काय उरेल ते मोजायचं, ते पुढच्या चित्राशी ताडून बघायचं. जुळलं की त्याला लहान पोरासारखा आनंद व्हायचा. आकृती एक ते पंचाहत्तर, सगळ्या जुळल्या. शहात्तरावी जुळेना.

आकृती साधी दिसत होती. डावीकडून न्यूक्लिओफाइल आपली जोडी घेऊन साखळीच्या टोकाच्या कार्बनवर आलेला, तो पहिला बाण. तिथला दुहेरी बंध सुटून एक घर पुढं सरकलेला, तो दुसरा बाण. आणि पुढच्या घरी, ऑक्सिजनशी आधीच दुहेरी बंधानं बांधलेला एक कार्बन बसलेला. रेघोबानं त्याचे बंध मोजले. ऑक्सिजनशी दोन, खालच्या शेपटीशी एक, शेजाऱ्याशी एक. झाले चार. आणि आता सरकून आलेला एक.

पाच.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाच. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं मोजले, डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले. पाचच. बाणाच्या पुढच्या चित्रात मात्र सगळं आलबेल : ऑक्सिजनच्या डोक्यावर उणे आणि कार्बनला बरोबर चार. म्हणजे मधे ऑक्सिजनच्या दुहेरी बंधातली एक जोडी ऑक्सिजनवर गेली असणार. तिचा तिसरा बाण हवा. आणि तो बाईंच्या मूळ पेन्सिलीच्या आकृतीतच नव्हता.

एकदा बाईंची चूक काढायला गेला होता, त्याची फळं अजून टेबलावर ढिगानं पडली होती. वर सही केलेला कागद.

रविवारी सकाळी त्यानं मुलीला गाठलं. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्रच घेतलेलं. “तुमच्या वहीत अशी काही आकृती आहे का गं?”

मुलीनं केस विंचरता विंचरता वही उघडून दिली. होती. हुबेहूब. न्यूक्लिओफाइल डावीकडे, बाण दोन, कार्बनला बंध पाच, आणि खाली सरांच्या लाल शाईत ‘छान!’

“यात या कार्बनला बंध किती?”

“चार.”

“मोजलेस?”

“बाबा, कार्बनला चारच असतात. मोजायचे कशाला?” तिनं वही ओढून घेतली. “आणि हे समजायचं नसतं. पाठ करायचं असतं. आमचे सर विभागप्रमुख आहेत, ते त्यांच्या बाईंकडे शिकले. त्यांनी अशीच काढली, म्हणून आम्हीही अशीच काढतो.”

“त्यांच्या बाई कोण?”

मुलीनं सांगितलं. त्या याच पुस्तकाच्या बाई निघाल्या.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “या वेळी विचारणार आहात ना?”

तासाभरानं तो बाईंच्या दारात उभा होता. दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. उंच, शांत माणूस, बाईंचे कागद लावून ठेवण्यात ज्याचं सगळं निवृत्त आयुष्य चाललं होतं. “भांडायला आलात की शिकायला?” त्यांनी विचारलं.

“मोजायला,” रेघोबा म्हणाला.

बाई खिडकीशी वाचत बसल्या होत्या. रेघोबानं आकृती समोर ठेवली. “बाई, मी काहीही बदललेलं नाही. ठिपकासुद्धा नाही. फक्त... हा कार्बन. याला माझ्या मोजणीनं पाच येतात. माझंच चुकत असेल.”

“चुकतच असेल,” बाई म्हणाल्या. “ही आकृती मी चोवीस वर्षं शिकवलीय.” त्यांनी बोट ठेवलं. “एक, दोन. तीन. चार.” बोट थांबलं. पुढे गेलं. परत मागे आलं.

यजमान चहा घेऊन आले, खोलीतली हवा पाहिली आणि चहासकट मागे फिरले.

बाईंनी फोन उचलला आणि एक नंबर फिरवला. “कोण, विभागप्रमुख का? मी बोलतेय. बसून घे. नाही, बसच. ती न्यूक्लिओफाइल आणि दुहेरी बंधाची आकृती तू शिकवतोस ना अजून?”

पलीकडचा आवाज इतका उत्साही होता की रेघोबाला सगळं ऐकू येत होतं. “मॅडम, अप्रतिम आकृती! दर वर्षी काढतो. डोळे मिटून काढतो.”

“आज उघडून काढ. काढलीस? दुसऱ्या बाणानंतर ऑक्सिजनजवळच्या कार्बनचे बंध मोज.”

“चार, मॅडम.”

“मोज म्हटलं.”

पलीकडे कागद खसखसला. मग अगदी बारीक आवाज आला : “मॅडम... पाच.”

“किती वर्षं शिकवतोयस?”

“अकरा. मॅडम, तुमची आकृती होती, मला कसं वाटेल...”

“मी तुला बाण शिकवले होते की पाया पडायला शिकवलं होतं?” बाईंनी फोन आपटला आणि हातांची घडी घालून बसल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रेघोबाला त्या एकदम लहान दिसल्या. “चोवीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “वर्गात साठ-सत्तर पोरं. एकानंही हात वर केला नाही. मला वाटायचं, शांत बसलीत म्हणजे कळतंय.”

रेघोबा म्हणाला, “माझ्या मुलीच्या वहीत तर ‘छान’ असा शेरा आहे.”

यावर बाई रडणार की काय असं त्याला वाटलं, पण त्या हसायला लागल्या. हसत हसत उठल्या आणि यजमानांना म्हणाल्या, “त्या टिपणांची सगळ्यात जुनी फाइल काढा. मला बघू द्या, मी एवढी गाढव होते का.”

यजमानांनी दोन मिनिटांत फाइल आणली. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाला जागा होती. पिवळं पडलेलं पान उघडलं. तीच आकृती, तरुण हातानं काढलेली. पहिला बाण होता, दुसरा बाण होता. आणि ऑक्सिजनच्या शेजारी, जिथं तिसरा बाण असायला हवा, तिथं एक स्वच्छ, वाटोळं भोक होतं. फाइलला लावण्यासाठी पाडलेलं. भोकाच्या काठावर बाणाच्या शेपटीचा केसभर तुकडा अजून शिल्लक होता.

बाईंनी पान उजेडाकडे धरलं.

“हे भोक कोणी पाडलं?” बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं.

“मी नीट मधोमध मापून पाडलं होतं,” यजमान म्हणाले. “वरून आठ, खालून आठ.”

“तुम्ही माझा बाण खाल्लात!”

“मला काय माहीत तिथं बाण आहे? तू म्हणालीस कागद उडतात, फाइल करा. मी फाइल केली!”

“आणि याच पानावरून सगळ्या वर्गाला नकला वाटल्या. पुढच्या वर्षीची टिपणं मीही यावरूनच उतरवली.” बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, “नाही, तुमचा दोष नाही. भोक तुमचं, पण नक्कल माझी. मीच मोजलं नाही.”

यजमान पुन्हा चहा घेऊन आले. या वेळी तो सगळ्यांनी घेतला.

रेघोबानं तिसरा बाण बाईंच्या समोरच काढला. सही केलेल्या कागदाचं काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा बाईंनी त्याच्याच पेनानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं : ‘आकृती ७६ मध्ये एक बाण वाढवावा. तो आधीपासूनच होता.’ ही चिठ्ठी वाचून व्यवस्थापकांच्या डोक्यात काहीच शिरलं नाही, पण सही बाईंची होती म्हणून त्यांनी ती जपून ठेवली. अनुस्वारानं शहाण्णव आकृत्यांमधली सगळी टिंबं स्वतःहून दोनदा तपासली, आणि आकृती एकतीसमध्ये एक जोडीचा ठिपका शाईचा डाग असल्याचं शोधून काढल्यावर आठवडाभर तो छाती काढून फिरत होता.

पुस्तक वेळेवर निघालं. प्रस्तावनेत बाईंनी कुणाचेही आभार मानले नाहीत; त्यांचा तो स्वभाव नव्हता. पण पहिली प्रत त्यांनी रेघोबाच्या टेबलावर ठेवली, आणि जाताना म्हणाल्या, “वाचा. परीक्षा घेईन.”

खरा फटका बसला तो मुलीला. विभागप्रमुखांनी पुढच्या आठवड्यात वर्गात येऊन सगळ्यांना वह्या उघडायला लावल्या, तिसरा बाण काढायला लावला, आणि तेवढ्यावर न थांबता गेल्या वर्षीपासूनच्या एकूण एक आकृतीतला एकूण एक कार्बन मोजून आणायला सांगितलं. मुलगी घरी आली ती दप्तर आपटतच.

“बाबा, सगळा वर्ग त्या माणसाला शोधतोय. ज्यानं पाच मोजले त्याला. मी तुमची मुलगी आहे हे कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही.”

“मग सांगू नकोस,” रेघोबा म्हणाला.

“आणि मला दोनशे कार्बन मोजायचेत सोमवारपर्यंत.”

“दोनशे?”

“दोनशे चौदा.”

बायको आतून म्हणाली, “दोघं मिळून बसा की. टेबल मी रिकामं करते.”

मुलीनं तोंड फुगवून वही पुढं सरकवली. बापलेक समोरासमोर बसले, आणि पहिल्याच कोपऱ्यावर न लिहिलेले हायड्रोजन दोन की तीन यावरून त्यांचं असं जुंपलं, की शेजारच्या काकूंनी दार वाजवून काय झालं म्हणून विचारलं.